सेंट्रल एसी की डक्टलेस? यंत्र निवडण्याआधी घर नीट बघा

घरात एसी बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, कुठल्या कंपनीचा? दुसरा येतो, किती टनाचा? थंडावा खोलीपर्यंत कुठल्या वाटेने पोचणार, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. घरांच्या एसीचे आराखडे तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. बसवल्यावर पस्तावलेल्या बहुतेक घरांत कंपनी चांगलीच होती, चुकली होती ती ही वाट. म्हणून हा लेख पायरीपायरीने, आणि जरा उलट्या क्रमाने लिहिलाय. आधी घर, मग माणसं, आणि यंत्र सगळ्यात शेवटी.

नावं आधी समजून घेऊ. सेंट्रल एसीत बाहेर एक मोठं यंत्र असतं. आत एक मोठं थंड कॉइल आणि जोरदार पंखा असतो आणि तिथून घरभर डक्ट फिरवलेले असतात. डक्ट म्हणजे हवा वाहून नेणारे पत्र्याचे किंवा लवचीक नळकांड्याचे बोगदे. छतातल्या जाळ्यांमधून थंड हवा खोलीत उतरते आणि रिटर्नच्या जाळीतून परत यंत्राकडे जाते. डक्टलेसमध्ये हे बोगदेच नसतात. बाहेरच्या यंत्रातून तांब्याच्या दोन नळ्या थेट खोलीतल्या युनिटला जोडतात. भिंतीवरचा स्प्लिट एसी हा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा प्रकार, छतात बसणारी कॅसेट हा दुसरा. थंड करण्याची युक्ती दोन्हींत एकच आहे. सेंट्रलमध्ये घरभर फिरते ती थंड हवा आणि डक्टलेसमध्ये फिरतो तो गॅस.

या एका फरकातून पुढचं सगळं निघतं. एक टन थंडावा हवेतून न्यायचा तर ताशी साधारण ६८० घनमीटर हवा ढकलावी लागते. त्यासाठी सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाचा डक्ट लागतो, बादलीच्या तोंडाएवढा, आणि वर इन्सुलेशनची गादी. तोच एक टन गॅसमधून न्यायला एक पेन्सिलीएवढी आणि एक बोटाएवढी अशा दोन नळ्या पुरतात. भिंतीत ७ सेंटिमीटरच्या आसपास एक भोक पाडलं की त्यातून नळ्या, वायर आणि पाण्याचा पाइप सगळं बाहेर जातं.

पायरी १: डक्ट आहेत का, आणि कुठून जातात?

घर अजून नकाशावरच असेल तर तुम्ही भाग्यवान. डक्टची जागा तेव्हाच ठरवता येते, तीही घराच्या थंड भागातून, म्हणजे पॅसेजच्या फॉल्स सीलिंगमधून किंवा आतल्या भिंतींमधून. घर उभं राहिलेलं असेल आणि डक्ट नसतील तर छत किती खाली आणावं लागेल ते मोजा. डक्ट आणि इन्सुलेशन धरून ३० ते ३५ सेंटिमीटर जातात. एवढी उंची सोडणं जड जात असेल तर उत्तर जवळजवळ मिळालंच, डक्टलेस.

डक्ट आधीपासून असतील तर ते वापरण्याजोगे आहेत का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. तापलेल्या छपराखालच्या पोकळीत हवा ५०-६० अंशांपर्यंत चढते आणि तिथूनच १३-१४ अंशांची हवा नेणारा डक्ट जात असतो. अमेरिकेच्या एनर्जी स्टार या ऊर्जाबचत कार्यक्रमाच्या अंदाजानुसार तिथल्या सर्वसाधारण घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा भोकांतून आणि सैल जोडांतून वाया जाते. यंत्राच्या लेबलावरचे कार्यक्षमतेचे आकडे प्रयोगशाळेत यंत्रापाशी मोजलेले असतात, तुमच्या डक्टची गळती त्यात धरलेली नसते.

गळती शोधायला महागडं उपकरण लागत नाही, निदान सुरुवातीला तरी. टॉर्च घेऊन पोकळीत डोकवा आणि डक्टच्या जोडांपाशी इन्सुलेशनचा रंग बघा. हवा जिथून निसटते तिथे धूळ गाळली जाऊन काळपट पट्टे उमटलेले असतात. वाकलेला, दबलेला लवचीक डक्टही लगेच दिसतो. दुमडलेल्या पाण्याच्या नळीसारखा तो पलीकडच्या खोलीची हवा अडवून बसलेला असतो.

जोड कापडी डक्ट टेपने बांधलेले दिसले तर ते काम पुन्हा करावं लागेल असंच धरा. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात डक्टचे जोड बंद करणारे वेगवेगळे पदार्थ गरम-थंड करून तपासले, आणि त्यांत सपशेल फसली ती हीच टेप. नाव तिचं असलं तरी काम तिचं नाही. जोडांवर मॅस्टिक लावतात, ब्रशने थापायचा घट्ट लगदा, आणि फट मोठी असेल तर त्यात काचतंतूची जाळी. डक्ट मुळात नीट आखलेले असतील आणि दुरुस्तीने घट्ट होत असतील तर ते टाकून देऊ नका. भक्कम डक्ट ही घराची मोठी मिळकत आहे.

पायरी २: उष्णतेचा हिशेब

या पायरीवर लोक सर्वात कमी वेळ घालवतात, म्हणून मी सर्वात जास्त घालवणार आहे.

टन हे मोजमाप बर्फाने थंडावा आणण्याच्या काळातलं. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ, चोवीस तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषतो ती एक टन क्षमता. आजच्या भाषेत ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं ब्रिटिश एकक), किंवा साधारण ३.५ किलोवॅट. म्हणजे खोलीत उष्णता किती किलोवॅटने येते आहे, हे मोजल्याशिवाय टन ठरवताच येत नाही. नुसत्या क्षेत्रफळावरून काढलेला आकडा हा अंदाज असतो, आणि बऱ्याचदा चुकीचा.

उदाहरण बघा. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. मावळतीचं थेट ऊन घेणाऱ्या साध्या काचेतून मात्र एका चौरस मीटरमागे ५०० वॅट किंवा त्याहूनही जास्त उष्णता आत येऊ शकते. दोन चौरस मीटरची एक खिडकी म्हणजे खोलीत दहा माणसं आणून बसवल्यासारखं. एक टनाच्या यंत्राची पाव टनाहून जास्त ताकद त्या एका खिडकीपायी खर्च होते. त्याच काचेवर बाहेरून सावली केली, छज्जा, झडप, बांबूचा पडदा काहीही, की ती दहा माणसं उंबऱ्याबाहेरच थांबतात. आतल्या पडद्याने तेवढं साधत नाही, कारण ऊन काच ओलांडून आत आल्यावर मग तो अडवतो. म्हणून हिशेबाच्या आधी सावली, छपराखालचं इन्सुलेशन आणि खिडक्या-दारांच्या फटी ही तीन कामं उरका. त्यानंतर लागणारं यंत्र लहान निघतं.

मग प्रत्येक खोलीचा वेगळा हिशेब करून घ्या. दिशा, काच, छप्पर, भिंती, माणसं, उपकरणं आणि फटींतून येणारी हवा, हे सगळं त्यात असलं पाहिजे. अमेरिकेत यासाठी मॅन्युअल जे नावाची ठरलेली पद्धत आहे. तुमच्याकडे नाव वेगळं असेल, पण हिशेब कागदावर हवा. खोलीवार हिशेब यासाठी की घराचा एकूण आकडा बरोबर असूनही वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली भाजत राहू शकते.

"जरा मोठाच घेऊ, हाताशी असलेला बरा," हे वाक्य मी आमच्याच घरात ऐकलं होतं. तेव्हा मी या कामात नव्हते. पाऊण टन पुरला असता अशा झोपायच्या खोलीत बसवणाऱ्याने दीड टनाचा साधा, इन्व्हर्टर नसलेला, म्हणजे वेग कमी-जास्त न करता नुसता चालू-बंद होणारा एसी लावला. दहा मिनिटांत खोली २४ अंशांवर यायची आणि कॉम्प्रेसर बंद पडायचा. पहाटे जाग यायची तेव्हा चादर हाताला ओलसर लागायची, उशीला कुबट वास. आर्द्रतामापक आणून ठेवला तर काटा ७२ टक्क्यांवर. खोली थंड होती आणि तरीही जीव घुसमटायचा.

कारण साधं आहे. हवेतलं पाणी थंड कॉइलवर जमून ठिबकायला यंत्र सलग चालावं लागतं. मोठं यंत्र चटकन थंड करून थांबतं, पाणी निथळून जायच्या आतच. वर पंखा चालू राहिला तर कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत मिसळतं. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर वेग कमी करून हे पुष्कळ सावरतो, पण त्यालाही खालची मर्यादा असते. खोलीची गरज त्या मर्यादेच्याही खाली असेल तर तोही चालू-बंद होत राहतो. म्हणून यंत्र बघताना कमाल क्षमतेइतकीच किमान क्षमताही विचारा. दुकानात हा आकडा कुणी आपणहून सांगत नाही, माहितीपत्रकात मात्र तो असतो.

पायरी ३: घरात माणसं कशी राहतात?

एक कागद फ्रिजवर लावा आणि आठवडाभर लिहा, कुठल्या खोलीत किती वाजेपर्यंत किती माणसं होती. कंटाळवाणं काम आहे, पण याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

दिवसभर घर भरलेलं आहे, खोल्या एकमेकींत उघडतात, सगळीकडे सारखंच तापमान हवंय, असं चित्र निघालं तर सेंट्रलची बाजू भारी. दिवसा एक खोली आणि रात्री दोन खोल्या एवढाच वापर असेल तर रिकामं घर थंड करण्यात अर्थ नाही, तिथे डक्टलेस. "नको त्या खोल्यांच्या जाळ्या बंद करू" हा सेंट्रलवरचा नेहमीचा तोडगा मात्र फसवा आहे. पंखा तेवढीच हवा ढकलत राहतो, डक्टमधला दाब वाढतो, गळती वाढते, आणि फारच जाळ्या बंद केल्या तर कॉइलवर बर्फसुद्धा धरतो. सेंट्रलमध्ये खोल्या वेगळ्या करायच्या असतील तर मोटरवर चालणाऱ्या झडपा आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र थर्मोस्टॅट सुरुवातीपासूनच आराखड्यात हवेत.

सेंट्रलमधली आणखी एक गोष्ट दारांची. झोपायच्या खोलीत हवा येते, पण दार लावल्यावर परत जाणार कुठून? यंत्र चालू ठेवा, दार लावा आणि खालच्या फटीपाशी टिश्यू पेपरची पट्टी धरा. पट्टी जोरात बाहेरच्या बाजूला उडत असेल, किंवा बोटभर उघडं ठेवलेलं दार आपोआप ढकललं जात असेल, तर खोलीत दाब साठतोय आणि पुढची थंड हवा यायला कचरतेय. त्या खोलीला स्वतःची रिटर्न जाळी लागते, नाहीतर दारात किंवा भिंतीत हवा जायची वाट ठेवावी लागते.

डक्टलेसचंही दुखणं आहे, आणि ते लहान खोल्यांत दिसतं. भिंतीवरची सर्वात लहान युनिटं साधारण २ ते २.५ किलोवॅटची असतात, आणि सावलीतली छोटी खोली अर्ध्या किलोवॅटवरही भागवते. अशा चार खोल्यांत चार युनिटं लावली की चारही मोठी ठरतात आणि आमच्या त्या ओलसर चादरीची गोष्ट चार ठिकाणी घडते. इथे मधला रस्ता उपयोगी पडतो. छतात लपणारं बुटकं डक्टवालं युनिट बसवायचं आणि आखूड डक्टने दोन-तीन शेजारच्या खोल्या त्यावर चालवायच्या. बाहेरचं यंत्र डक्टलेससारखंच, आतली वाटणी सेंट्रलसारखी. बऱ्याच घरांना हेच नीट बसतं, आणि तरी दोनच पर्याय समोर ठेवले जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मिश्र रचनेलाही हरकत नाही. सगळं घर सेंट्रलवर आणि गच्चीखालच्या हट्टी खोलीला एक स्वतंत्र स्प्लिट, हा अगदी समजूतदार निर्णय आहे.

पायरी ४: ओल, धूळ आणि ताजी हवा

आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात ओल काढण्यातून झाली. १९०२मध्ये विलिस कॅरिअरने ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी पहिली रचना आखली, कारण दमट हवेत कागद फुगायचा-आकसायचा आणि एकावर एक छापलेले रंग जुळायचे नाहीत. तुमच्याकडची हवा दमट असेल तर तापमानाइतकंच लक्ष आर्द्रतेकडे द्या. घरात ती ४० ते ६० टक्क्यांमध्ये राहिली तर अंगालाही बरं वाटतं आणि बुरशीही धरत नाही.

धुळीच्या बाबतीत सेंट्रल सरस ठरू शकतो. रिटर्नपाशी जाड, घड्यांचा फिल्टर बसवता येतो, फक्त पंखा त्या दाबासाठी निवडलेला हवा. स्प्लिटची धुवायची जाळी मुख्यतः कॉइल वाचवण्यासाठी असते. ती मोठी धूळ आणि केस धरते, बारीक कण सोडते. घरात दमा किंवा ॲलर्जी असणारं कुणी असेल तर हा मुद्दा वर घ्या.

ताजी हवा मात्र दोन्ही प्रकार आपणहून आणत नाहीत. तीच हवा फिरवून थंड करतात. बंद खोलीत रात्रभर दोन माणसं झोपली की सकाळी डोकं जड होतं ते बरेचदा याच कारणाने. सेंट्रलला बाहेरून हवा घेणारा छोटा डक्ट जोडता येतो. डक्टलेसमध्ये वेगळी व्यवस्था करावी लागते.

पायरी ५: एका आउटडोअरवर चार इनडोअर?

याला मल्टी-स्प्लिट म्हणतात. बाहेर जागा कमी असेल तर त्याला पर्याय नसतो. जागा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: प्रत्येक खोलीची जोडी स्वतंत्र ठेवा. मल्टीमध्ये बाहेरचं यंत्र बिघडलं की चारही खोल्या एकदम तापतात. रात्री एकच खोली चालू असताना ते मोठं यंत्र इतकं खाली उतरू शकत नाही, मग चालू-बंद होत राहतं आणि वीज खातं. साध्या मल्टीमध्ये एका खोलीत थंड आणि दुसरीत गरम असंही एकाच वेळी चालत नाही.

पायरी ६: कोटेशन वाचताना

किमान तिघांकडून कोटेशन घ्या. खोलीवार हिशेब न दाखवता टन सांगणाऱ्याचा कागद बाजूला ठेवा. बाकीच्यांत बघा: आउटडोअर कुठे बसणार, तिथे मेकॅनिकला सुरक्षित उभं राहता येईल का, आणि त्याची गरम हवा मोकळी बाहेर पडेल का. नळ्यांची लांबी किती? पाण्याचा पाइप कुठे सुटणार? दमट दिवशी एक यंत्र तासाला लिटर-दोन लिटर पाणी सहज काढतं. त्या पाइपला सबंध लांबीभर उतार हवा, मीटरमागे निदान एक सेंटिमीटर. उतार शक्य नसेल तर पंप, आणि तो पंप बंद पडणार हे धरून चाला.

गॅसचं नावही विचारा. ओझोनला मारक असलेला आर-२२ हा १९८७च्या माँट्रिऑल करारामुळे बाद होत गेला. आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण वजनाला वजन धरलं तर तापमानवाढीची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट. आर-३२ची ६७५ पट. आर-३२ थोडा ज्वलनशील आहे, म्हणून तो हाताळायचं शिक्षण घेतलेलाच माणूस हवा.

हिवाळा बोचरा असेल तर उष्णताही देणारं यंत्र घ्या. एक युनिट विजेत ते दोन-तीन युनिट उष्णता बाहेरून आत आणतं, जी साध्या हीटरला जमत नाही.

पायरी ७: बसवण्याच्या दिवशी घरी थांबा

रजा काढावी लागली तरी काढा. डक्टलेसमध्ये तांब्याच्या नळ्यांचे जोड झाल्यावर नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते बघतात. मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून काढतात. गेजवर ५०० मायक्रॉनच्या (आत उरलेला दाब मोजायचं एकक) खाली आकडा उतरून तिथे स्थिर राहिला पाहिजे. थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलली, झालं, असं कुणी करू लागलं तर थांबवा. आत राहिलेली ओल कॉम्प्रेसरच्या तेलाची वाट लावते. दोन्ही नळ्यांवर वेगवेगळं इन्सुलेशन आहे ना ते बघा. भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं असावं. शेवटी इनडोअरच्या ट्रेमध्ये बाटलीभर पाणी ओता आणि बाहेर जाऊन ते पाइपच्या टोकाशी पडताना स्वतः बघा.

सेंट्रलमध्ये प्रत्येक जाळीतली हवा मोजून आराखड्यातल्या आकड्याशी ताडून घ्या, आणि डक्टची गळती-चाचणी छत बंद होण्याआधी करून घ्या. नंतर ती दुरुस्त करायला छत फोडावं लागतं.

सगळं सुरळीत चालल्यावर, पंधरा-वीस मिनिटांनी, यंत्रात शिरणाऱ्या हवेचं आणि त्यातून निघणाऱ्या हवेचं तापमान साध्या थर्मामीटरने मोजा. फरक साधारण ८ ते १२ अंशांचा येतो. तो आकडा, त्या दिवशीची आर्द्रता आणि तारीख मार्करने इनडोअरच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा. दोन वर्षांनी सर्व्हिसिंगला आलेला माणूस "गॅस कमी झालाय, भरावा लागेल" म्हणाला तर आधी जाळी धुवा आणि तोच फरक पुन्हा मोजा. आकडा जुळत असेल तर गॅस भरायचं कारण नाही. खरंच घसरला असेल तर त्याला कारण शोधायला सांगा. गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि ती जागा सापडेपर्यंत नवा गॅस भरू देऊ नका.